ते लोणार नव्हतं

बत्तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी खामगाव डेपोत. एवढ्या वर्षांत रस्ता कधी चुकलो नाही असं मी म्हणणार नाही. चुकलो. जो ड्रायव्हर म्हणतो मी कधी चुकलोच नाही, तो एक तर थापा मारतो, नाहीतर त्याची गाडी कायम वर्कशॉपात उभी असते. पण चुकल्यावर काय करायचं हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. गाडी बाजूला घ्यायची आणि पानटपरीवाल्याला विचारायचं, "काहो, हा रस्ता कुठी जाते?" तो हसतो, मागचे पॅसेंजर दोन शिव्या घालतात, गाडी वळते. लाज वाटत असेल तर बसा डिझेल जाळत.

हे सगळं माहीत असलेला मी आमच्याच जिल्ह्याच्या डोक्यावर, भर सकाळी, पोटच्या पोरीला मागे बसवून हरवलो. विमान जवाईबापू चालवत होते ही गोष्ट खरी. पण चूक अर्धी माझी होती. अर्धी म्हणतो ती तरी मनाची समजूत घालायला म्हणतो. घरात हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

जवाईबापूंचा संभाजीनगरला ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. चाळिशी आली की माणसाला काहीतरी खूळ लागतं. कोणी मोठी फटफटी घेतो, कोणी पहाटे उठून पळायला लागतो. यांनी विमान शिकायला घेतलं. खानदेशातल्या एका फ्लाइंग क्लबात दोन वर्षं शनिवार-रविवार घातले आणि खाजगी पायलटचं लायसन काढलं. म्हणजे भाड्यानं पॅसेंजर न्यायचे नाहीत, स्वतःच्या हौसेनं उडायचं, घरच्यांना फिरवायचं. विमान क्लबचं, तासावर मिळतं. एका शनिवारी त्यांचा फोन आला, "बाबा, आयुष्यभर लोणारला गाडी नेलीत ना? आता तुम्हाला लोणार वरून दाखवतो."

आता जवायाला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे जवाई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्या ताटात कमी पडायला नको, तो बोलत असताना मध्ये बोलायला नको, अन् तो चुकला तर ते आपल्या डोळ्यांना दिसायला नको. माझ्या सासऱ्यानं मलाही असंच वागवलं. मी एकदा हौसेनं त्यांच्या विहिरीवरची मोटर उलटी जोडून जाळली, तर म्हातारा म्हणाला, "जुनीच होती ते, जवाईबापू." कसली जुनी! तिच्यावरचा कंपनीचा कागदसुद्धा निघाला नव्हता. मोठं मन म्हणतात ते हे, असं तेव्हा मला वाटलं होतं.

निघताना बायकोनं बजावलं, "वर गेल्यावर त्याहीले शहाणपण शिकवू नका. ते तुमची एसटी नोहे."

"नाही शिकवत वं बाई," मी म्हटलं. तो शब्द मी पाळला, तिथंच घात झाला.

फेब्रुवारीचे दिवस. हरभरा निघत होता, शेतांत कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग पेटवलेले होते, अन् सगळ्या मुलखावर धुराचा पांढुरका पडदा होता. धावपट्टीवर ते विमान पाहिलं. इवलंसं. पंखा एक, चाकं तीन, अन् दार इतकं पातळ की मी ते जरा जोरात लावलं तर जवाईबापू कळवळले. मला मान म्हणून पुढे बसवलं, त्यांच्या उजव्या हाताला. मुलगी माझ्या मागच्या सीटवर. डोक्याला मोठे हेडफोन, छातीवरून पट्टा. पट्टा आवळल्यावर मला पुढचं-मागचं काही हलेना.

इंजिन सुरू व्हायच्या आधी मुलगी म्हणाली, "अहो, तो कागदाचा नकाशा कारमध्येच राहिला. आणू का?"

"टॅबमध्ये सगळं आहे. तू डबे सांभाळ."

ती डबे सांभाळत बसली. मला पुढे कळलं की त्या कागदावर आधी रेघ मारायची असते. कुठून कुठे जायचं, कोणत्या दिशेला, कुठे किती वाजता पोचायचं, वाटेत काय दिसलं पाहिजे, हे पेन्सिलीनं लिहून घ्यायचं असतं. शिकवणारे हे आधी शिकवतात अन् शिकणारे हे आधी विसरतात. टॅब काचेपाशी स्टँडला लावलेला होता. त्यात छान रंगीत नकाशा, मधोमध आमचं विमान. मीही म्हटलं, वा!

मलकापूरपर्यंत मजा आली. हायवेला चिकटलेलं वडनेर भोलजी मी पटकन ओळखलं. मग आमचं पिंपळगाव राजा. बायकोनं सगळी गल्ली गच्चीवर उभी केलेली असणार हे मला माहीत होतं, पण वरून एकसुद्धा घर ओळखू येईना. सगळे पत्रे आणि सगळ्या टाक्या सारख्याच. जवाईबापूंनी सासूबाईंसाठी गावाला तीन गोल चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला हिरवी साडी हलताना दिसली, आम्ही जोरजोरात हात हलवले. ती शेजारणीनं वाळत घातलेली होती हे नंतर कळलं.

"आता नाकासमोर दक्षिण," जवाईबापू म्हणाले. "अर्ध्या तासात लोणार."

आमच्या जिल्ह्यात खरं तर दिशा दोनच, घाटावर आणि घाटाखाली. खामगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. माणूस कुठला हे विचारायचं असलं तरी आम्ही आधी हेच विचारतो, आणि सोयरिकीतसुद्धा त्यावरून टोमणे चालतात. राजूर घाटात मी भरलेली गाडी पहिल्या गिअरवर रडवत चढवलेली आहे. त्या घाटाचीच मी वाट पाहत होतो. अन् वरून घाट म्हणजे काय, तर चादरीला पडलेली एक चुणी! कधी आला कधी गेला कळलंच नाही. माझ्याजवळ जी एक खूण होती, ती अशी पायाखालून निघून गेली.

थोड्या वेळानं टॅब काळा झाला. उन्हात तापून बंद पडला. जवाईबापूंनी तो काढून हवेच्या झोताजवळ धरला, मग माझ्या मांडीवर दिला, म्हणाले, "थंड होऊ द्या. होईल सुरू." समोर एक गोल चकती होती, तिच्यावर दिशा दिसायची. त्या चकतीकडे बघून ते चालवत राहिले.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. एसटीत बसणाऱ्या बायका गाडीत चढता चढता आधी कंडक्टरला विचारतात, "भाऊ, ऊन कोण्या बाजूनं येईन?" सावलीची बाजू पकडायची असते, कडेवर लेकरू असतं. सकाळच्या गाडीनं खामगावहून मेहकरला निघालं की ऊन डावीकडून. डावीकडच्या सीटा रिकाम्या अन् उजवीकडे एकेका सीटवर तीन-तीन जण. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आम्ही दक्षिणेला चाललो होतो, सकाळची वेळ होती, म्हणजे ऊन जवाईबापूंच्या गालावर पाहिजे होतं. आणि ते होतं सरळ समोर, माझ्या डोळ्यांत. मी कपाळावर हात धरून बसलो होतो.

माझ्या ध्यानात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणून सुटका करून घेण्यात अर्थ नाही. वाटलं, विमानाचा रस्ता वेगळा असेल. वाटलं, या माणसानं दोन वर्षं अभ्यास केलाय, आपण सातवी पास. आणि खरं सांगू का? वाटलं, जवायाला कसं म्हणायचं.

अर्धा तास होऊन गेला. खाली धूर, धुरातून चौकोनी वावरं, मधूनच एखादं गाव. जवाईबापू घड्याळाकडे पाहायला लागले. मग माझ्या बाजूला खाली पाणी चमकलं. त्यांच्या बाजूनं त्यांना नीट दिसेना, पंख अन् मी दोघंही मध्ये. ते मान वाकडी करून म्हणाले, "आलं बघा लोणार! बाबा, तुमच्या बाजूला आहे. हेच ना?"

मी खाली पाहिलं. एका अंगानं गोल तळं होतं. दुसऱ्या अंगाला सरळ रेघेत मातीची भिंत, भिंतीच्या टोकाला सांडवा. कोणतं तरी धरण. लोणारचं पाणी खोल खळग्यात असतं, भोवती झाडीची कड असते, कडेला गाव असतं. किती वेळा त्या गावच्या स्टँडवर गाडी लावून मी डबा खाल्ला. आंधळ्यालाही कळलं असतं की ते लोणार नव्हतं.

जवाईबापू माझ्या तोंडाकडे पाहत होते. एवढ्या हौसेनं आणलेलं. चेहऱ्यावर आनंद असा, जसा शाळेतल्या पोराला नंबर मिळाल्यावर असतो.

"हाव," मी म्हटलं. "हेच. छान दिसून राह्यलं."

वर मोबाईल काढून फोटोही काढला. काय म्हणावं या अकलेला!

मी म्हणत होतो की मोठं मन दाखवतोय. मला काय ठाऊक की माझ्या त्या एका शब्दावर ते सगळा हिशोब मांडणार आहेत. त्यांच्या डोक्यातली शंका मिटली. आपण लोणारवर आहोत हे पक्कं झालं, तेही बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाच्या तोंडून. तिथून त्यांनी घरची दिशा धरली. चिखली लागेल, बुलढाणा लागेल, घाट उतरला की रेल्वेलाइन, लाइन धरून धावपट्टी. असं ते मोठ्यानं सांगत होते, आणि मी मान डोलावत होतो.

चिखली लागली नाही. बुलढाणा लागलं नाही.

त्यानंतरचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. एसटीत कितीही बाका प्रसंग आला तरी ब्रेकवर पाय असतो. ब्रेक फेल झाला तरी बांध असतो, उसाचं वावर असतं, कुठंतरी घुसवता येते. इथं थांबायचं म्हटलं तर थांबता येत नाही. उभं राहून विचार करतो म्हटलं तर खाली पडतो. जायचं कुठं हे माहीत नाही, अन् गेल्याशिवाय चालत नाही. त्यात मला शुगर. घरून निघताना चहा घेतलेला. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी म्हणतात, तसं आपल्याच जिल्ह्यावर आवळलेल्या पट्ट्यात मी पाय जुळवून बसलो होतो.

टॅब सुरू झाला, पण वर नेटवर्क नसल्यानं नकाशा उघडेना. नुसती करडी चौकट, मध्ये एक निळा ठिपका. आम्ही आहोत एवढं त्याला माहीत होतं, कुठे आहोत ते नाही. मुलीचा मोबाईल पाहिला, माझा पाहिला, तीच गत. जवाईबापूंनी आधी थोडं डावीकडे घेतलं, मग उजवीकडे, मग एका नदीच्या मागे गेले, मग तीही सोडली. खाली जिकडे तिकडे शेततळी, प्लास्टिकचा कागद अंथरलेली, उन्हात चकाकणारी. इतकी शेततळी झाली आहेत आमच्याकडे की एकाकडे बघून दुसरं ओळखता येत नाही. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

मला डिझेलचा काटा पाहायची सवय. यांच्याकडे दोन काटे होते, दोन पंखांतल्या दोन टाक्यांचे. तीन माणसांचं वजन म्हणून टाक्या गच्च भरल्या नव्हत्या, हे त्यांनीच सकाळी सांगितलं होतं. डावा काटा पावाच्या खाली आला होता, उजवा थोडा वर. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. स्वतःची नाही, माझं काय, माझी पेन्शन सुरू आहे. मागे माझी एकुलती एक मुलगी बसली होती, मांडीवर डबे घेऊन. ती इथून खाली सुखरूप उतरली पाहिजे, बाकी काही नको, असं मी मनात घोकत होतो. आणि ती उतरायची असेल तर मला तोंड उघडायला पाहिजे होतं, हेही मला कळत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता सांगितलं तर जवाई विचारेल, मघाशी खोटं का बोललात? नाही सांगितलं तर विचारायला कोणी उरणार नाही.

म्हणून मी आडून सुरुवात केली. "जवाईबापू, कोणाले तरी विचारून पाहू का?"

"बाबा, इथे पानटपरी नाही."

"तसं नाही. त्या रेडिओवर..."

"रेडिओवर काय सांगू? हरवलो म्हणून? लगेच रिपोर्ट होतो. क्लबात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लोणार तर सापडलं होतं. तिथून इतकं चुकणं शक्यच नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. ते शंभरदा तोच हिशोब करत होते अन् प्रत्येक वेळी माझ्या खोट्या लोणारपासून सुरुवात करत होते. तो माणूस तिथं माझ्यामुळे अडकला होता.

तेवढ्यात धुरातून एक रस्ता वर आला. रुंद, पांढरा, सरळसोट. जवाईबापू एकदम ताठ झाले. "हायवे! उतरलो आपण घाट. बाबा, हा मलकापूरचाच हायवे ना?"

पुन्हा तेच तोंड माझ्याकडे वळलं होतं, पण आता त्यावर आनंद नव्हता, आशा होती. मी खाली पाहिलं. दोन्ही अंगांना जाळी. ढाबा एक नाही. रस्त्याला चिकटलेलं गाव नाही, उभा ट्रक नाही, रसवंती नाही. आमच्या हायवेला मैलामैलाला ढाबा. हा समृद्धी महामार्ग होता, आणि समृद्धी घाटावर आहे. म्हणजे आम्ही घाट उतरलोच नव्हतो.

"नोहे," मी म्हटलं.

"काय?"

"हा मलकापूरचा हायवे नोहे. समृद्धी आहे हा. अन् ते... ते लोणारही नव्हतं."

जवाईबापूंनी हळूच विचारलं, "लोणार नव्हतं?"

"धरण होतं कोणतं तरी. भिंत होती."

"तुम्ही हो म्हणालात."

"म्हटलं. तुम्हाले नाही कसं म्हणू?" माझा आवाज चढला होता, का ते कळत नव्हतं, राग माझा माझ्यावरच होता. "अन् अजून एक ऐका. लोणारकडे जाऊन राह्यलो होतो तवा ऊन तुमच्या अंगावर पाह्यजे होतं. ते माह्या डोळ्यात होतं. तवापासूनच आपण तिरपे जाऊन राह्यलो. मले दिसत होतं. मी बोललो नाही."

मला वाटलं आता हा माणूस भडकेल. पण त्यांनी काचेच्या वर लटकवलेल्या छोट्या होकायंत्राकडे पाहिलं, मग समोरच्या चकतीकडे, मग पुन्हा होकायंत्राकडे. दोघांची दिशा जुळत नव्हती, चांगलाच फरक होता. ती चकती आपोआप सरकते, दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यायची असते. गावावर गरगर तीन चकरा मारल्यावर ते जुळवायचं राहून गेलं होतं, आणि तिथून पुढे प्रत्येक दिशा चुकत गेली. डोळ्यांसमोर दोन यंत्रं होती, त्यातलं खरं बोलणारं कोणी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी मग चकती जुळवली आणि विमान वर चढवायला घेतलं. उंच गेलं की रेडिओ लांबवर पोचतो, असं म्हणाले. मग रेडिओचं बटण दाबलं. इंग्रजीत बोलले, पण एवढं मला समजलं की कबूल केलं. पलीकडून एका बाईचा आवाज आला, शांत, आमच्या चौकशी खिडकीवरच्या बाया बोलतात तितका थंड. तिनं एक चार आकडी नंबर यंत्रात भरायला सांगितला, त्यानं तिला आमचा ठिपका दिसणार होता. इंधन किती विचारलं. मग विचारलं, विमानात किती जण?

"तीन," जवाईबापू म्हणाले.

हा प्रश्न का विचारतात हे एसटीवाल्याला सांगावं लागत नाही. अपघाताच्या फॉर्मवर पहिला रकाना तोच असतो. मी मागे हात नेला. मुलीनं माझी बोटं धरली, एवढी घट्ट की अंगठी रुतली.

मग ती बाई सांगत गेली अन् जवाईबापू तसतसे वळत गेले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, मी काट्यावरची नजर हलवली नाही. शेवटी धुरात एक लांब काळी पट्टी दिसली. आमची नव्हे, शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या विमानतळाची. चाकं टेकली तेव्हा डाव्या टाकीचा काटा खाली टेकलेला होता आणि उजव्याचा टेकायला आला होता. मी आयुष्यात देवाला फार त्रास दिला नाही, पण त्या दिवशी दिला. उतरल्यावर आधी मुतारी शोधली, ते लपवण्यात काय अर्थ.

जवाईबापूंना ऑफिसात बोलावलं, कागद भरायला. क्लबातल्या म्हाताऱ्या शिक्षकांचाही फोन आला होता, बाहेरपर्यंत आवाज येत होता. हरवण्यात गुन्हा नाही, असं ते ओरडत होते. शंका आली त्या मिनिटाला का नाही विचारलं? जवाईबापू 'हो सर, हो सर' करत होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. धरण, लोणार, काही नाही. सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, हेही लिहायला पाहिजे. माणूस वाईट नाही.

मी अन् मुलगी बाहेर एका कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसलो. तिनं डबा उघडला. पोळ्या गार झाल्या होत्या.

"माह्यामुळं झालं वं हे," मी म्हटलं. "मी हाव म्हटलं नसतं तर तवाच वळलो असतो."

ती लोणच्याची पुडी सोडत होती. "मलेही दिसलं होतं, बाबा. मी तुमच्याच बाजूनं बसली होती. धरणाची भिंत दिसत होती मले."

"मग काऊन नाही बोलली?"

"तुम्ही हाव म्हटलं ना."

एवढंच म्हणून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती खाली बघत, पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "तुम्ही हाव म्हटल्यावर मी नाही कवा म्हटलं?"

तक्रारीचा सूर नव्हता. नळाला पाणी आलं, असं सांगावं तसं सांगितलं. आणि मला आमची बैठकीची खोली दिसली. नऊ वर्षांमागं जवाईबापूंच्या घरची मंडळी पाहायला आली होती. ही एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. कारखाना होता, बंगला होता, मुलगा देखणा. पोहे संपायच्या आधी मी होकार दिला. ती आत ओट्याशी उभी होती, हातात चहाचा ट्रे. मी आत जाऊन तिला सांगितलं, विचारलं नाही. तिनं मान हलवली. मी म्हटलं, गुणाची पोर.

ऑफिसातून शिक्षकांचा आवाज यायचा बंद झाला होता. मी तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत मी तिच्याकडे कितीदा गेलो, पाहुणचार घेतला, जवाईबापूंशी राजकारणावर बोललो, परत आलो. हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारायची हिंमत नव्हती, कारण मग उत्तर ऐकावं लागलं असतं.

"सुखात आहेस ना वं?"

"हाव," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

त्या होकारात काय असतं हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तासाभरापूर्वी तसाच एक होकार मी दिला होता. ओठांवर आलं, चांगलं आहे, झालं गेलं, चल जेवून घे, असं म्हणावं. सोपं होतं ते.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा एकदा पाहून सांग."

तिनं हातातला तुकडा डब्यात ठेवला. ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग ती बोलायला लागली.